चार आठ आणि चार नऊ

ओदिलियाने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला आणि दोन्ही हातांनी सांबालच्या चटणीसाठी मिरच्या वाटायला घेतल्या. लाल मिरच्या, लिंबाची साल, मीठ आणि मूठभर पुदिना. खिडकीबाहेर बोगोरचा दुपारचा पाऊस ठरल्या वेळी हजर झाला होता आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला, दूर तिमोरच्या दक्षिण किनाऱ्यावर, बापा निको दोनदा खोकले आणि मग बोलले.

बापा निको म्हणजे निकोलाउस सेरान. तिथल्या लहानशा हवामान केंद्रावर एकतीस वर्षं एकट्याने निरीक्षक म्हणून राबलेला माणूस. २०१२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांची नोंदवही, दुर्बीण आणि गळकं घर हे सगळं तेवीस वर्षांच्या ओदिलिया ब्रियाच्या ताब्यात आलं. नऊ वर्षं तिने ते केंद्र सांभाळलं आणि मग कार्यालयाची दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन ती पदव्युत्तर पदवीसाठी इथे आली. आता सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती.

"बापा, प्रबंधात आभार मानायचेत तुमचे. नाव पूर्ण कसं लिहू ते सांगा."

"कसंही लिही. वाचणार कोण आहे?"

"तीन परीक्षक वाचतात."

"ते आभाराचं पान उलटून पुढे जातात, नोना. मी तर अहवालाची सगळीच पानं उलटायचो."

ती हसली. त्यांच्यासाठी ती अजून 'नोना', म्हणजे पोरच, होती, आणि आज हसायला तिला फारसं कारण लागत नव्हतं. समोरच्या भिंतीवर विभागाने दिलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर वातावरणशास्त्राच्या पदवीसाठीच्या अकरा अटी होत्या: छत्तीस श्रेयांकांचे विषय, इंग्रजीची परीक्षा, नियतकालिकात छापून आलेला एक निबंध, दुसऱ्यांच्या चर्चासत्रांना हजेरी लावल्याचे वीस शिक्के, ग्रंथालयाचं काही देणं नाही असा दाखला, आणि असंच पुढे. दहा अटींपुढे तिने लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. अकरावीपुढची चौकट तेवढी कोरी होती. सोमवारी ती भरली की महिनाअखेर तिने गावी परतायचं आणि केंद्राची प्रमुख व्हायचं, असं कार्यालयाने लेखी कळवलं होतं. पदवी नसली तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, हेही त्याच पत्रात होतं.

"हा घासल्यासारखा आवाज कसला येतोय?" बापा निकोंनी विचारलं.

"सांबाल वाटतेय. तुमच्याच दगडावर."

"माझ्या कुठल्या दगडावर?"

"तो काळा, चपटा. पर्जन्यमापकाशेजारी पडलेला असायचा तो. जाताना तुम्हीच म्हणाला होतात ना, या दगडाकडे बघ म्हणून? बघतेय. पार बोगोरपर्यंत सांभाळून आणलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नोना," बापा निको म्हणाले, "मी सांभाळ म्हणालो नव्हतो. बघत जा म्हणालो होतो. रोज सकाळी."

त्यांच्या तेतुन बोलीत दोन्हींना एकच शब्द आहे. बसचा चालक भोंगा वाजवत असताना, एक पाय पायरीवर ठेवून, बापा निकोंनी तो शब्द उच्चारला होता. एवढा सुबक दगड उघड्यावर राहिला तर कुणीतरी उचलून नेईल या काळजीने तिने त्याच संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आणून ठेवला. आठवड्याभरात त्यावर पहिल्या मिरच्या वाटल्या गेल्या.

आता ते सांगू लागले आणि ती ऐकत राहिली. रोज संध्याकाळी ते त्या दगडावर चुलीतली चाळलेली राख पसरायचे. सकाळी सातला आधी पर्जन्यमापक उघडायचा. त्यात पाणी असलं तर मोजायचं. नसलं तर राख बघायची. दवाने राख नुसती दमट होते, पण थेंब पडला तर खळगा उमटतो. रात्री माणूस झोपलेला असताना चार थेंब पडून गेले तर ते मोजपात्राच्या पहिल्या रेघेपर्यंतही पोचत नाहीत, पण राखेत दिसतात. असे खळगे दिसले की ते वहीत लिहायचे: 'तिदाक तेरुकुर', म्हणजे मोजण्याइतका नाही.

"तू काय लिहायचीस?"

"शून्य," ती म्हणाली.

तिने वरवंटा बाजूला ठेवला. सांबाल अर्धवटच राहिलं.

ओदिलियाचा सगळा दबदबा उभा होता तो 'तिदाक तेरुकुर' या दोन शब्दांवर. पहिल्याच सत्रात एका मुलाने जुनी आकडेवारी साफ करून वर्गापुढे मांडली होती. संगणकात पावसाच्या रकान्यात कुठे चार आठ असतात, कुठे चार नऊ. त्याने दोन्ही एकाच जातीचे समजून उडवून लावले होते, आणि नवखे सगळे हेच करतात. ओदिलिया मागच्या बाकावरून उठली होती. चार आठ म्हणजे पाऊस पडला आहे, फक्त मोजण्याइतका नाही, असं तिने सांगितलं. चार नऊ म्हणजे बघायला माणूसच हजर नव्हता. पडलेला पाऊस आणि गैरहजर माणूस यांना तुम्ही एकाच टोपलीत कसं टाकता? प्राध्यापक सुहेर्लान यांनी त्या दिवशी तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं आणि ते तिचे मार्गदर्शक झाले. तेव्हापासून ती वर्गात सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत आली होती आणि तिचं कुणी मनावर घेतलं नव्हतं, कारण पोरगी खरंच हुशार होती.

प्रबंधाचं चौथं प्रकरण याच चार आठांचं होतं. चाळीस वर्षांच्या वह्या तिने एकेक पान करून संगणकात उतरवल्या होत्या. त्यातून निघालं होतं, की तिमोरच्या त्या कोरड्या किनाऱ्यावर वर्षाला सव्वीस-सत्तावीस दिवस असा मोजण्याइतका नसलेला पाऊस पडायचा आणि अलीकडे तो दोन-तीन दिवसांवर आला. मोठा पाऊस तेवढाच राहिला, पण हा हलका शिडकावा नाहीसा झाला. मक्याचं रोप ज्या ओलीवर आठवडाभर तग धरतं, तीच गेली. समुद्र तापल्याचं कारण तिने पंचवीस पानं खर्चून मांडलं होतं. सुहेर्लान ते प्रकरण लोकांना काढून दाखवत.

तिने हात धुतले, प्रबंध उघडला आणि आलेख असलेलं पान काढलं. रेघ सरळ चालत येत होती आणि २०१२च्या मे महिन्यात विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. नेमणुकीच्या पत्राची तारीख काढून बघायची तिला गरज नव्हती. मे महिन्याच्या सात तारखेला ती तिथे रुजू झाली होती. हा आलेख तिने शंभरदा पाहिला असेल, आणि त्या महिन्यात समुद्राला, वाऱ्याला, ढगांना काय झालं हे शोधण्यात एक वर्ष घालवलं होतं. आपल्याला काय झालं हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ती सुहेर्लान यांच्या खोलीत गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला, आलेख जवळ ओढून पुन्हा पाहिला, आणि मग दार लोटून घेतलं.

ते म्हणाले की ही गोष्ट तीन माणसांना माहीत आहे, त्यांतला एक तिमोरमध्ये म्हातारपण काढतो आहे. सोमवारची तारीख बदलता येणार नाही, तिची रजा वाढणार नाही. मर्यादांच्या परिच्छेदात 'निरीक्षणपद्धतीत फरक असण्याची शक्यता' एवढं एक वाक्य टाकावं, ते खोटंही नाही. सोमवार पार पडू दे. गावी जाऊन दगड ठेव, दोन वर्षांनी निबंध लिहून चूक दुरुस्त कर, मी स्वतः सहलेखक होईन.

"आणि इबू सिनागांनी विचारलं तर?"

बाहेरून येणाऱ्या परीक्षक इबू, म्हणजे बाई, रोस्लिना सिनागा उत्तर सुमात्राच्या, बोलायला रोखठोक. त्यांच्यापुढून विद्यार्थी कोरड्या डोळ्यांनी बाहेर आला की विभागात त्याची चर्चा व्हायची.

"विचारलं तर सांग. नाही विचारलं तर..." सुहेर्लाननी वाक्य सोडून दिलं. "ओदिलिया, तू इथली सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी आहेस. एका दगडापायी सगळ्यावर पाणी सोडू नकोस."

"बघते, पाक," ती सरांना म्हणाली, आणि जिन्यावरून उतरताना आपल्या तोंडून कोणता शब्द गेला हे तिच्या लक्षात आलं.

सोमवारी नऊला ती पांढरा सदरा आणि काळा घागरा घालून परीक्षेच्या खोलीत आली. रिवाजाप्रमाणे परीक्षकांसाठी खाऊचे डबे तिनेच आणले होते: केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, एक तळलेली गुंडाळी, पाण्याचा पेला. ते प्रत्येकासमोर मांडून झाल्यावर तिने पिशवीतून दगड काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. तीन दिवस घासूनही त्याच्या मध्यावरचा लाल डाग गेला नव्हता.

"हे काय?" इबू सिनागा म्हणाल्या. "डब्याबरोबर चटणीही वाटून देणार?"

"नऊ वर्षं तेच केलं, इबू," ओदिलिया म्हणाली.

सुहेर्लान खाली बघायला लागले. तिने पडद्यावर पहिली तीन प्रकरणं मांडली, आवाजात कुठेही कापरं नाही, प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर. मग चौथ्याचा आलेख आला. तिने काठी २०१२च्या त्या पडत्या रेघेवर टेकवली.

"इथे समुद्राला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "निदान झालं की नाही ते मला माहीत नाही. इथे मी रुजू झाले."

तिने बापा निकोंची राख सांगितली, बसचा भोंगा आणि स्वयंपाकघरही सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही. तिसरे परीक्षक लिहायचे थांबले होते.

"मोजपात्रात पाणी असलेले दिवस बरोबर आहेत. कोरड्या दिवसांची माझी नऊ वर्षांची शून्यं मात्र शून्यं नाहीत. ती चार नऊ आहेत. बघायला माणूस हजर नव्हता."

इबू सिनागांनी डबा बाजूला सरकवला आणि तासभर तिला सोडलं नाही. निरीक्षणाच्या नियमांत असा दगड कुठे लिहिला आहे, त्यांनी विचारलं. कुठेच नाही, ती म्हणाली, नियमांत फक्त 'पाऊस झाला का ते पाहावे' असं आहे. मग त्या म्हाताऱ्याच्या नोंदी तरी प्रमाण कशा मानायच्या? त्यांची एकतीस वर्षं एकाच माणसाची, एकाच पद्धतीची आहेत, ती म्हणाली, आपसात ताडून बघता येतात, माझ्याशी नाही. दव आणि थेंब यांत फरक कसा कळतो? तिने पेल्यात बोट बुडवलं. खिशातल्या पुडीतली राख दगडावर भुरभुरली, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मग बोट झटकलं. इबू सिनागा खुर्चीतून उठून, कमरेत वाकून, त्या चार खळग्यांकडे बघत राहिल्या.

"सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझी नेमणूक कधीची, हे प्रबंधात कुठेच नाही."

"हो, इबू."

"बाहेर थांब."

ती बाहेरच्या बाकावर बसली. आपण चुकलो असं तिला क्षणभरही वाटलं नाही. आतून सुहेर्लान यांचा आवाज एकदा चढला, जो तिने दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. अर्ध्या तासाने तिला आत बोलावलं.

निकालाच्या कागदावर तीन पर्याय होते. मधल्यावर खूण होती: दुरुस्तीसह उत्तीर्ण. दुरुस्तीची मुदत छापलेलीच असते, तीन महिने. इबू सिनागांनी ती खोडून बाजूला हाताने लिहिलं होतं: एक पावसाळा. आणि खाली एक ओळ: दगड जागेवर ठेवून.

"चौथं प्रकरण नव्याने लिहायचं," इबू सिनागा म्हणाल्या. "शिडकावा कमी झाला, असं निघालं तरी चालेल. झाला नाही, असं निघालं तरी चालेल. पदवीचा कागद त्यानंतर."

"म्हणजे केंद्राची जागा..." सुहेर्लान म्हणाले.

"ते तिचं कार्यालय बघेल. मी आकडे बघते." मग त्यांनी डब्यातला भात उचलून पान सोडलं. "तुझं ते सांबाल उरलंय का थोडं?"

जागा गेली. कुपांगहून एक तरुण प्रमुख येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. त्याने ओदिलियाला जुनी नोंदवही परत दिली आणि बागेतल्या दगडाबद्दल फक्त एकदा विचारलं. ती पुन्हा निरीक्षकच राहिली. भिंतीवरचा अकरा अटींचा कागद तिने सोबत आणून नोंदवहीच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्यातली शेवटची चौकट अजून कोरीच होती.

नोव्हेंबर, तिथल्या पावसाळ्याचा पहिला महिना, लागला आणि डोंगरामागे ढग जमायला लागले. एका संध्याकाळी ओदिलियाने दगडावर पहिल्यांदा राख पसरली आणि दुसऱ्या सकाळी बापा निको काठी टेकत आले आणि कुंपणाच्या खांबाला रेलून उभे राहिले. सात वाजले होते. ओदिलियाने पर्जन्यमापकाचा नळ सोडला, मोजपात्र त्याखाली धरलं. थेंबही आला नाही. मग ती दगडापाशी बसली.

राखेत खळगे होते. बारीक, स्पष्ट, आठ-दहा. तिचं काळीज धडधडायला लागलं. ओंजळभर पावसासाठी कुणाचं काळीज असं धडधडलं असेल असं तिला वाटलं नाही. पण हे खळगे तिची पदवी होते, बापा निकोंची एकतीस वर्षं होते, शिवाय नाहीसा न झालेला तो पाऊसही होते. तिने पेनाचं टोपण काढलं.

"काय दिसतंय?" कुंपणापासून हाक आली.

"खळगे आहेत, बापा."

"मग? लिही की. कोण बघतंय?"

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ती पुन्हा वाकली, इतकी की श्वासाने राख हलेल. खळगे दोन ओळींनी चालले होते, एकाआड एक, आणि त्यांच्या मधून एक नागमोडी बारीक रेघ दगडाच्या कडेपर्यंत गेली होती. शेपटीची रेघ होती ती.

"पाल," ती म्हणाली.

बापा निकोंनी मान हलवली आणि काठी उचलून घराच्या वाटेला लागले.

ओदिलियाने वही मांडीवर घेतली. या वहीत तिच्या हाताची हजारो शून्यं होती. तिने तारखेपुढे आणखी एक काढलं, सावकाश, दोन्ही टोकं नीट जुळवून. पाहून लिहिलेलं ते पहिलं होतं.